ओला चुना

"भिंतीवर शिवणक्लासचं नाव आहे, म्हणून घरपट्टी दुकानाच्या दराने लागली," नगरपालिकेचे साहेब म्हणाले. "त्यावर चुना मारा. मी फोटो काढतो, पट्टी निम्म्यावर येईल."

बायको गेली आणि तिच्यामागे क्लासही बंद पडला, हे नेमाण्णांनी सुनावणीत भांडभांडून पटवून दिलं होतं. आता त्यांनी बादलीत कुंचा बुडवला.

ती अक्षरं त्यांनीच रंगवलेली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. 'पद्मावती' एवढं ऐसपैस काढलं, की 'शिवणक्लास' पार कोपऱ्यात चेंगरला. "असं कापड बेतलं तर पोलकं कुणाला बसेल का?" म्हणत पद्मावती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

कुंचा फिरला. ओल्या चुन्याखाली अक्षरं झाकली तर नाहीतच, उलट कालच रंगवल्यासारखी उजळली.

"चुना वाळला की दिसेनासं होईल सगळं," साहेब म्हणाले.

नेमाण्णांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि चुना वाळायच्या आत सगळी भिंत पुसून काढली.

"क्लास चालू आहे, असं लिहा साहेब."