अडलेलं दार

ब्यूडलीत नदीकाठी राहणाऱ्या विनिफ्रेडबाईंचं काचेचं घडीचं दार अडत होतं, म्हणून त्यांच्या लेकीने परगावाहून फोन करून गॅरेथ मिस्त्रीला पाठवलं. बाई मात्र विनवत राहिल्या, "राहू दे रे बाबा, आहे तेच बरं आहे." म्हातारी भिडेपोटी नको म्हणतेय, असं समजून त्याने रुळातली वाळू काढली, चाकांना तेल दिलं.

"बघा, आता एका बोटाने सरकतं!"

बाईंनी घाईघाईने दार पुन्हा लावून घेतलं. "वाळू मीच भरली होती रे! कुलूप दिसलं की आमचे हे काच फोडायला जातात. अडलेलं दार मात्र ओढून ओढून दमतात, आणि कशाला निघालो होतो तेच विसरतात."

"कशाला जायचं असतं त्यांना बाहेर?"



"कित्येक वर्षांपूर्वी नदीत बुडालेल्या आमच्या मुलाला, टोबीला, घरी आणायला."