क्रौंचाचं कडं

थिंफूहून आलेला पक्षीवेडा पाहुणा बिधाआजीला पहिल्या दिवसापासून खटकत होता. दुर्बीण दलदलीकडे, पण नजर सारखी तिच्या कुत्र्यावर. “आजी, पिवळ्या कड्याचा क्रौंच दिसत नाही? लाल कड्याची मादी एकटीच चरतेय.” “मी काय त्यांची सासू आहे?” आजीने लोण्याचा चहा ओतता ओतता फटकारलं. कुत्र्याने मारलेल्या नराच्या पायातलं पिवळं कडं तिने देवघरातल्या पाण्याच्या वाटीत लपवलं होतं. कुत्र्याला बांधलं तर पाहुण्याला संशय येईल, म्हणून तिने त्याला मोकळंच सोडलं. पाचव्या सकाळी पाहुणा चिखलाने माखून परतला. “निघतो, आजी. तेवढं बुद्धाचं दर्शन घेतो.” तो काही उचलत तर नाही ना, एवढंच आजी दारातून पाहत राहिली. तीन दंडवत घालून तो रिकाम्या हाताने गेला. संध्याकाळी तिने वाटी ओतली. पिवळ्या कड्याशेजारी लाल कडं होतं.