दारापासून लांबची जागा

मानाची जागा दारापासून सगळ्यात लांब असते. शारबानला तिथल्या गादीवर बसवलं तेव्हा तिने आधी दार कुठे आहे ते पाहिलं आणि मग तिथवर पोचायला किती गुडघे ओलांडावे लागतील ते.

"मी दाराशीच बसते की," ती म्हणाली होती.

"मुलाची आई दाराशी? गावात तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला?" असं म्हणत मुलीची काकू बाल्झान तिला दंडाला धरून वर घेऊन आली होती.

गेल्या हिवाळ्यात शारबानची पित्ताची पिशवी काढली. खडे गेले, पण तेव्हापासून तेलकट-तुपकट काही पोटात गेलं की ते तिथे थांबत नाही. घरी ती उकडलेले बटाटे खाते आणि बाजाराला निघाली की वाटेवरचे संडास ध्यानात ठेवते. आज तर सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी कारागांदा शहराहून इथे गावात येताना गाडी दोनदा थांबवावी लागली होती. हे इथे कुणाला कळायला नको होतं. दुखणाईत सासूच्या घरी आपली पोर कोण देतं? मुलाला, अल्दियारला, तिने बजावून ठेवलं होतं, "तुझ्या त्या अर्दाकला यातलं एक अक्षर बोललास तर मागणी घालायला मी येणारच नाही."

परात आली. उकडलेल्या कलेजीच्या चकत्या, प्रत्येकीवर मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीची चकती, वरून आंबट दही. हे व्याह्यांनी खाल्लं की सोयरीक पक्की. नाही खाल्लं तर मुलगी पसंत नाही असा अर्थ. चरबी पांढरीशुभ्र होती आणि परात खाली ठेवल्यावरही जराशी हलत राहिली.

नवरा, एर्मेक, तिच्या कानाशी लागला. "एवढा एक घास गीळ. मग जन्मभर कोबी खा."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुमच्या पोटाला तळ आहे."

बाल्झान समोर येऊन बसली. कलेजी लहान आणि चरबी मोठी, असा घास तिने निवडून काढला होता. प्रेमानेच.

"आ करा, विहीणबाई."

शारबानने आ केला, घास गालात सरकवला आणि बाहीतला रुमाल चाचपला.

"गिळा," बाल्झान म्हणाली. "माझ्या लग्नात आमच्या सासूबाईंनी अस्साच गालात धरून ठेवला होता. मग वर्षभर म्हणत होत्या, मी कुठे काय खाल्लंय!"

खोलीत हशा पिकला. शारबानने गिळलं.

मग एकच गलका झाला. कुणीतरी एर्मेकच्या दोन्ही गालांना दही फासलं, कुणी गाणं धरलं. सगळ्यांबरोबर शारबानही हसली, पण तिचा कान आत लागला होता. चहाचा पहिला पेला संपायच्या आत पोटात गुरगुर सुरू झाली. नेमके त्याच वेळी मुलीचे आजोबा तळवे पुढे पसरून आशीर्वाद द्यायला लागले. आशीर्वाद चालू असताना कुणी उठत नाही. म्हातारबुवा सात पिढ्यांची नावं घेत होते आणि प्रत्येक नावापाशी दम खात होते. शारबानच्या कपाळावर घाम आला. शेवटी सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले आणि ती उठली.

"जरा हवा खाऊन येते."

"या गारठ्यात?" मागून बाल्झानचा आवाज आला. शारबान गुडघे ओलांडत निघाली होती.

संडास अंगणाच्या पार टोकाला होता. सकाळी आल्या आल्या तिने पाहून ठेवलं होतं. वाटेत गुडघाभर बर्फ, आणि वाटेवर साखळीला वासराएवढा कुत्रा. गाडी थांबली तेव्हा तो असा भुंकला होता की शेजारीपाजारी बाहेर आले होते.

आता बर्फ खरवडून पायवाट केलेली होती. पाय घसरू नये म्हणून तिच्यावर चुलीतली राख पसरली होती. साखळी मोकळी पडली होती. पलीकडे गवताच्या गंजीशी अर्दाक वाटेकडे पाठ करून, कुत्र्याच्या गळ्याला मिठी घालून बसली होती.

"गप," ती त्याच्या कानात सांगत होती. "कोण कुठे जातंय, तुला रे कशाला नसत्या चौकशा?"

शारबान बाहेर आली तेव्हा उलट्या बादलीवर वाफाळती किटली होती. शेजारी साबण आणि धुतलेला पंचा. घरी गेल्यावर अल्दियारची काही खैर नाही, असं तिने मनाशी म्हटलं, पण राग काही येईना. तिने सावकाश हात धुतले.

"कधीची बसली आहेस गं इथे?"

अर्दाक उठली. तिची नजर खाली होती, नाक लाल झालं होतं. "याचं पोट बरं नाही. सारखं बाहेर काढावं लागतं याला."

कुत्रा शेपूट हलवत उभा होता. चांगला धडधाकट होता.

"चरबी देत जाऊ नका त्याला," शारबान म्हणाली.

"नाही देणार." मग जरा थांबून, "घरात कुणाला बोलले नाही मी. उगाच हसतात त्याला."

शारबान पुन्हा तेवढेच गुडघे ओलांडून आपल्या जागेवर येऊन बसली. बाल्झान परात घेऊन वाटच पाहत होती.

"काय हो विहीणबाई, आमचा घास बाहेर टाकून नाही ना आलात?"

सगळे हसले. बाल्झानचे डोळे तेवढे हसत नव्हते.

"अहो, तिला जरा—" एर्मेकने सुरुवात केली. शारबानने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणा," ती म्हणाली. "आणि मोठा द्या. मघाचा लहान होता."

सगळ्यांना दिसेल असा तिने तो चावला आणि गिळला.

दाराशी उभ्या असलेल्या अर्दाकने ते पाहिलं. तिने चुलीवरची किटली उचलली आणि कोपराने दार ढकलून ती पुन्हा बाहेर गेली.