पडद्यावरचं 'हो'

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं: घरापुढचा उतार, मागचं एक चाक जॅकवर उचललेली गाडी आणि तिच्याखाली उताणे पडलेले बाबा. गाडी घसरू नये म्हणून त्यांनी पुढच्या चाकाला एक वीट लावली आहे. आणि स्टिअरिंगसमोर बसली आहे त्यांची लेक, चिमी.

"जुन्या गाडीचा ब्रेक हाताने सोडता यायचा," बाबा खालून करवादले. "या बाईसाहेबांना पॅड बदलायलासुद्धा आधी विचारावं लागतं! काय म्हणतोय पडदा?"

"'ब्रेक सोडू का?' खाली 'हो' आणि 'नाही'."

"'हो' दाब."

चिमीने बोट पुढे नेलं. तेवढ्यात काचेतून तिला धाकटा भाऊ दिसला. गुडघ्यांवर सरकत, तोंडाने भुर्रर्र करत तो अंगणात आपली गाडी ढकलत होता. चिमीला हसू फुटलं. मग तिने त्याची गाडी नीट पाहिली.

ती बाबांनी चाकाला लावलेली वीट होती.

"अगं, झोपलीस की काय? दाब ना!"

चिमी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन त्यांवर घट्ट बसली.

"बाबा, तू आधी बाहेर ये," ती म्हणाली. "मग दाबते."