चंदेरी कागदाची पिशवी

सुई मोडली. हिराबाईनं मशीनचं चाक थांबवलं, कांबळ्यात अडकलेला तुकडा ओढून काढला आणि भिंतीवर भिरकावला.

"हळू की," सिद्राम म्हणाला. "कुणावर राग काढाय लागलीस?"

"तुमच्यावर," ती म्हणाली आणि दुसरी सुई बसवू लागली.

राग त्याच्या एकट्यावर नव्हता. सिद्राम हुबळीतल्या एका ओतशाळेत साचे भरायचा. उणकलहून सकाळी सायकलवर निघायचा, दिवेलागणीला परतायचा. वर्षभर त्याच्या पोटात आग पडत होती. डॉक्टर म्हणाले, थंड खाणं बंद करा. हिराबाईला नवल वाटलं. भट्टीला लागून एक जाड लोखंडी पत्रा आहे आणि त्यावर सगळ्या कामगारांचे डबे दुपारपर्यंत गरम राहतात, हे तिनं ऐकलं होतं. मग याचाच डबा थंड कसा? तिनं खोदून खोदून विचारलं. शेवटी काल ताटावर बसल्यावर, मान वर न करता त्यानं सांगितलं. तो, परसू आणि गोपाळ गावकुसाबाहेरच्या एकाच वस्तीतले. या तिघांचे डबे पत्र्यावर चालत नाहीत. सायकलीच्या हँडलला लटकत राहतात.

"कोण न्हाई म्हणतंय?"

"तोंडानं कोण म्हणतंय? ठेवला की उचलून खाली ठेवतात."

"आणि तुम्ही बघत बसता?"

"भांडून पोट भरतंय व्हय?"

आज सुट्टी होती. सकाळीच हिराबाई हुबळीच्या कमरीपेठेत गेली आणि चहाच्या दुकानदाराकडून चहापत्तीच्या पेटीतला चंदेरी कागद मागून आणला. जुन्या कांबळ्याचे दोन थर कापले. मधे फाटक्या गादीतला कापूस पिंजून घातला. आतून चंदेरी कागद, बाहेरून सिद्रामच्या विरलेल्या खाकी पँटचं कापड. झाकणाला बटण लावलं. प्रत्येक टाक्याला ती दात आवळत होती. पिशवी झाली तेव्हा तिनं त्यात आमटीचा कडकडीत डबा ठेवला. खूप वेळानं उघडला, तर वाफ आली.

"घ्या," ती म्हणाली. "त्यांचा पत्रा त्यांनाच लखलाभ."

सिद्राम गरम जेवू लागला. पोटातली आग कमी झाली. चेहऱ्यावर जरा तकाकी आली. हिराबाईला वाटलं, आपण जिंकलो.

मग एका संध्याकाळी तो कापडाचं गाठोडं घेऊन आला. नवं कोरं, जाड कांबळ्याचं कापड.

"अप्पाजी मेस्त्रीनं दिलंय. आमच्या सगळ्यांच्या वरचा तो. तुझी पिशवी त्यानं हातात घेऊन बघितली. छलो आतु म्हणाला, फार छान झालं म्हणाला. अशाच आणखी दोन शिवून दे म्हणालाय."

हिराबाई हसली. आपल्या हातच्या कामाची तारीफ कुणाला नको असते? ती कापड उलगडून विती मोजू लागली.

"दोन कुणाला? त्याच्या घरला?"

"न्हाई. एक परसूला, एक गोपाळला."

तिचा हात थांबला. "आणि बाकीच्यांना?"

"त्यांना कशाला? त्यांचे डबे पत्र्यावर असतात की."

बोलून गेल्यावर सिद्रामलाच आपलं वाक्य ऐकू आलं.

"मेस्त्री आणखी काय म्हणाला? नीट सांगा."

"म्हणाला... आता तुम्हाला पत्र्यापाशी यायचं कारणच न्हाई. रोजची कटकट मिटली."

हिराबाईनं कात्री उचलली. पिशवीची शिवण टराटरा उसवली. कापूस घरभर उडाला.

"अगं! एवढी चांगली शिवलेली!"

"चांगली शिवली तेच चुकलं!" ती ओरडली. "त्यांना पत्रा आपल्याला बंद करायचा होता. मी घरात बसून, माझ्या हातानं, तो बंद करून दिला!"

"हिरे, कामावरनं काढतील."

"काढू देत. धम्माची दीक्षा घेतली तवा सगळा गाव अंगावर आला होता. तवा भ्याला न्हाईत. आणि एका पत्र्याला भिता?"

सिद्राम खाली बसला. उडालेला कापूस गोळा करत राहिला.

सकाळी तिनं नुसता डबा त्याच्या हातात दिला. त्यानं तो थोडा वेळ तसाच धरला. मग सायकल काढली. कारखान्याच्या वाटेला लागण्याआधी तो परसूच्या दारात थांबला, मग गोपाळच्या. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. तिघं एकदम निघालेले मात्र दिसले.

दिवसभर तिच्या हातून काही झालं नाही. राग होता, पण त्याच्याखाली आता भीतीही होती. संध्याकाळी सिद्राम आला. सदऱ्याचा खिसा फाटून लोंबत होता, ओठ सुजला होता.

"मारलं?"

"ढकलाढकली झाली. आम्ही डबे पत्र्यावर ठेवले. बाकीचे उचलाय लागले, तर परसूनं तिन्ही डब्यांवर आडवा हात धरला. काढलाच न्हाई. भाजला त्याचा हात."

"मेस्त्री?"

"म्हणाला, उद्या परत असंच करणार असाल तर येऊच नका."

सिद्रामनं डबा तिच्यापुढं ठेवला. बूड काळं पडलं होतं.

"आमटी जरा करपली," तो म्हणाला. "उद्या लवकर उतरवतो."