मनोऱ्यापर्यंत

"थांब गं जरा," केरू म्हणाला. "लागला दम."

लंकाबाई लगेच थांबली. बाभळीखालचा दगड तिनं पदरानं झाडला, नवऱ्याला बसवलं आणि मग स्वतः टेकली. डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखा तिनं श्वास सोडला.

"म्हटलं होतं ना, घाई करू नका."

"नाय करत."

समोर नांदूर मध्यमेश्वरचं पाणी पसरलं होतं. थंडी सरत आली होती आणि सकाळचंच ऊन पाठीला लागत होतं. पाणकणसांतून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, दोघांकडे बघून पुन्हा आत शिरली. पायवाट काठाकाठानं पुढं गेली होती. तिच्या टोकाला पाखरं बघायचा मनोरा होता.

तो मनोरा म्हणजे आता लंकाबाईचं देवस्थान झालं होतं.

दिवाळीनंतर दोघं सायखेड्याला डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी दोघांनाही तपासलं. लंकाबाईला त्यांनी बरंच काहीबाही सांगितलं. ती हो हो म्हणाली, पण तिचं चित्त घरी वाळत घातलेल्या शेंगांवर होतं. मग ती बाहेर बाकावर बसली आणि केरू आत बोलत राहिला. परतताना एसटीच्या थांब्यावर तो म्हणाला, "माझं काळीज कमजोर झालंय. रोज चालायचं. न थांबता मनोऱ्यापर्यंत गेलो, की घोर मिटला समजायचं. पण एकट्यानं जायचं नाय."

तेव्हापासून घरचं पिठलं बेचव झालं. त्याच्यासमोर मिठाचं खायचं तिला जिवावर येई, म्हणून तीही तेच खाई. तिची जुनी गोळी पूर्वी फडताळात पडून असायची. आता त्याला गोळी देताना तीही आपली घेऊन टाकी.

"लहानपणी मी इथं गवत कापायला यायची," ती म्हणाली. "तवा पाण्यात नुस्ती पाखरंच पाखरं. आई म्हणायची, वर बघू नको, हात चालव. पाखरं बघायला मुद्दाम चालायचं असतं, हे कुणाला ठावं होतं?"

"आता बघ की."

"आता तुमच्याकडं बघू का पाखरांकडं?"

केरू हसला. पाण्याची पिशवी त्यानं हातात घेतली. ती तिनं मागितली, की तो म्हणे, हाताला चाळा लागतो.

वाटेत दत्तू भेटला. गळ्यात दुर्बीण अडकवून तो पर्यटकांना पाखरं दाखवत हिंडे.

"राम राम तात्या! काल बाजारात सायकल हाणत चालला होतात. मी हाक मारली तर थांबलाच नाय!"

लंकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "सायकल?"

"उतार होता," केरू म्हणाला.

"उतारावर काय काळीज घरी ठेवून जाता? दत्तू, पुन्हा दिसले तर हवा सोडून दे त्या चाकातली."

"सोडतो, काकू. तात्या, तुमचं काय खरं नाय."

त्या रात्री ती सायकल तिनं गोठ्यात नेऊन साखळी-कुलपानं बांधली आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

पुढं ऊन वाढत गेलं तशी दोघं अंधार असतानाच निघू लागली. केरू कधी बाभळीपाशी बसे, कधी त्याच्याही पुढं, दगडी बांधापाशी. लंकाबाई रोज मनात म्हणे, आज थोडं लांब गेले. घरी आल्यावर मात्र ती कुणाला बोलत नसे. चांगलं चाललंय म्हटलं की दृष्ट लागते.

मग एके दिवशी बाभूळ आली आणि केरू काही बोलला नाही. ती कान देऊन चालत राहिली. बांध आला. तरी तो 'थांब' म्हणाला नाही. तिला विचारायची भीती वाटली. विचारलं आणि त्याला दम आठवला तर? दोघं चालत राहिली. पाण्यावरचा अंधार विरला, लव्हाळं मागं पडलं, आणि मनोऱ्याचा कठडा तिच्या हाताला लागला.

"पोचलो," केरू म्हणाला.

तिनं त्याच्या छातीला कान लावला. भर उजेडात, लोक बघतील याची पर्वा न करता. आत शांत, एकसारखी धडधड चालली होती.

"येडी झाली का?"

"गप बसा."

खाली पाण्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी होती. चोचीवर लाल टिळा, टोकाला पिवळं. लंकाबाईनं त्यांनाच हात जोडले. "असंच राहू द्या," ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. केरूनं तोंड पाण्याकडं फिरवलं.

दुसऱ्याच दिवशी दोघं सायखेड्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यासारखंच दोघांना तपासलं, काळजाच्या आलेखाच्या पट्ट्या काढल्या, निरखून पाहिल्या.

"खूपच फरक आहे," त्या म्हणाल्या. "मला एवढी आशा नव्हती."

लंकाबाईला हुंदका आवरेना. "बाई, आता यांना काही भ्या नाय ना?"

"असंच चालत राहा. दोघंही."

"यांनी सोडायचं म्हटलं तरी मी सोडू देणार नाय! थांबा, मी पेढे घेऊन येते." आणि ती पदर सावरत भरभर बाहेर पडली, जिना उतरून रस्ता ओलांडूनसुद्धा गेली.

केरू खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"ताई, एवढ्यात मला बरं करू नका. मला काही झालेलंच नाय हे तिला कळलं, तर स्वतःच्या काळजासाठी ती उद्यापास्नं उंबराही ओलांडायची नाय."