माझे नाव त्या रकान्यात

आमच्या सूनबाईची प्राध्यापकी कायम व्हायची, तर तिचा एक लेख संशोधनपत्रिकेत छापून येणे आवश्यक होते. लेखासोबत भरायच्या अर्जात एक रकाना असतो: 'परीक्षणासाठी लेख कोणाकडे पाठवू नये?' काल जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता आणि त्या रकान्यात चक्क माझे नाव होते. चाळीस वर्षे मी तिच्याच विषयातले लेख तपासत आले आहे. अवघड लेख आला की संपादक आजही माझ्याकडेच धाडतात. असा अपमान या घरात प्रथमच झाला.

"माझे नाव कशासाठी?" मी विचारले.

"आई, परीक्षकाला लेखकाचं नाव कळवत नाहीत. चुकून तुमच्याकडेच आला तर?"

"आला तर आला! मी काय गिळणार आहे त्याला?"

"खाली कारणही लिहिलंय. वाचा ना," ती हसू दाबत म्हणाली.

मी चष्मा लावला. लिहिले होते: 'या माझ्या सासूबाई. लेख त्यांनी घरीच सहा वेळा परत केला आणि सातव्या वेळी "ठीक आहे" म्हणाल्या. पुन्हा वाचला, तर मत बदलतील.'

एकदा दिलेले मत बदलणारी बाई मी नव्हे, असे तिला ठणकावून मी ताठ मानेने माझ्या खोलीत निघून आले.



खरे सांगायचे तर, पहिल्या पानावरचा दुसरा परिच्छेद मला सकाळपासून खटकतच होता.